मांसासाठी घरच्या घरी कोंबड्यांचा संकर: बाप असील, आई आरआयआर

दुकानातून ब्रॉयलरचा एक दांडगा कोंबडा आणायचा आणि घरच्या गावरान कोंबड्यांत सोडायचा, हा घरगुती संकराचा सर्वांत आवडता आणि सर्वांत फसणारा प्रकार. ब्रॉयलर हा चाळीसेक दिवसांत कापायला तयार केलेला पक्षी आहे. तो वयात येईपर्यंत, म्हणजे सहा-सात महिने जगवायचा तर रोजचे खाद्य मोजून तोडून द्यावे लागते. पोटभर घातले की पाय जातात, नाहीतर मे महिन्यातल्या एखाद्या दुपारी धापा टाकत आडवा होतो. जगलाच, तर चार-पाच किलोंचा तो गडी सव्वा किलोच्या गावरान कोंबडीवर चढतो आणि तिची पाठ सोलून काढतो. मग कोंबड्या त्याला जवळ येऊ देत नाहीत, आणि निम्मी अंडी रिकामी निघतात.

खरी चूक मात्र आईच्या बाजूला असते. सगळे बापाचे वजन बघतात, आईची अंडी कोणी मोजत नाही. गावरान कोंबडी वर्षाला साठ ते ऐंशी अंडी देते, अंडे चाळीस ग्रॅमच्या आसपास, आणि मध्ये मध्ये ती खुडूक बसते, म्हणजे अंडी घालणे थांबवून उबवायला बसते. पिल्लाचे जन्माचे वजन अंड्याच्या वजनाच्या साधारण दोन तृतीयांश असते. चाळीस ग्रॅमच्या अंड्यातून सत्तावीस ग्रॅमचे पिल्लू, पंचावन्न ग्रॅमच्या अंड्यातून सदतीस ग्रॅमचे. पहिल्या आठवड्यातली मर आणि पुढची वाढ, दोन्हीवर या दहा ग्रॅमचा परिणाम होतो. म्हणून मांसासाठी संकर करताना आई अंड्यांवर निवडायची आणि बाप अंगावर. उलटे केले तर पिल्लांची संख्याच जमत नाही.

जोडी कोणती

परसात सगळ्यांत बरी चालते ती असील, म्हणजे झुंजीच्या देशी जातीचा कोंबडा आणि ऱ्होड आयलंड रेड, म्हणजे आपल्याकडची आरआयआर कोंबडी. आरआयआर नसेल तर ब्लॅक ऑस्ट्रलॉर्प. दोन्ही जाती सवयीच्या झाल्या आहेत. पुण्यात खडकीला, तसेच कोल्हापूर, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगर इथे शासनाची मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रे आहेत, तिथे आधी चौकशी करावी. असील तीन ते चार किलोंचा, आरआयआर कोंबडी अडीच-पावणेतीन किलोंची, त्यामुळे जोड अंगाने शोभते आणि पाठी सोलत नाहीत. असीलकडून छातीचे घट्ट मांस, उंच पाय आणि कुत्र्या-मांजरापुढे न डगमगणारा स्वभाव येतो. आईकडून लवकर वाढ आणि परसात ठेवली तरी वर्षाला दीडशेच्या घरात अंडी. बरेलीजवळच्या इज्जतनगरच्या केंद्रीय पक्षी संशोधन संस्थेने तयार केलेली कारी निर्भीक हीसुद्धा असील आणि कारी रेड या लाल जातीचाच संकर आहे. तेव्हा ही वाट नवी नाही.

गिरीराज, वनराजा, कावेरी हे पक्षी मुळात संकरित आहेत. त्यांची पिल्ले घरी काढली की एक झुपकेदार, एक किडकिडीत, एक लाल, एक कबरे असा बाजार भरतो. खायला चालेल. पण एकसारखा माल विकायचा असेल तर शुद्ध जातीचे आई-बाप घ्यावेत.

विदर्भ, खानदेशात उन्हाळा जाचतो. तिथे उघड्या मानेचा कोंबडा बाप म्हणून विचारात घ्यावा. हा गुण प्रभावी आहे, म्हणजे बापाकडून एकदा आला तरी पिल्लाची मान उघडी राहते, अंगावर पिसे कमी येतात आणि उष्णता बाहेर पडते. विकत घेताना मानेच्या पुढच्या बाजूला, गळ्याच्या थैलीच्या जरा वर पाहावे. तिथे पिसांचा ठळक झुबका असेल तर तो गुण एकेरी आहे आणि निम्म्याच पिल्लांत उतरेल. झुबका नसेल किंवा दोन-चारच पिसे असतील तर सगळ्या पिल्लांत उतरेल.

काळ्या मांसाचे गिऱ्हाईक असल्यास कडकनाथचा मोह होतो. तिथे एक गंमत ध्यानात ठेवावी: कडकनाथ कोंबडा आणि आरआयआर कोंबडी असेल तर मादी पिल्लांची कातडी आणि पाय बापासारखे काळे होतात, नर उजळ राहतात. आरआयआर कोंबडा आणि कडकनाथ कोंबडी अशी जोड केली तर पुरते काळे कोणीच होत नाही. अंगाने मात्र कडकनाथ लहानच, त्यामुळे वजन कमी मिळणार.

असील घेताना

असील विकणारे बरेच जण झुंजीच्या हिशेबाने दर सांगतात: मान, डोळा, पायाची ठेवण. आपल्याला ते नको. कोंबडा उचलून छातीच्या हाडावर अंगठा फिरवावा. हाड सुरीसारखे टोचत असेल तर सोडून द्यावा, दोन्ही बाजूंना मांस भरलेले हवे. वय आठ महिने ते दोन वर्षे. एका डोळ्याने आंधळा किंवा पायाला जुनी इजा असलेला घेऊ नये. कोंबडीवर चढताना त्याचा तोल जातो. पायावरच्या काट्याचे टोक घासून बोथट करावे, फार मागे घासले तर रक्त येते. नवा पक्षी आणला की तीन आठवडे वेगळा ठेवायचा, खाण्या-पिण्याची भांडीसुद्धा वेगळी. मानमोडी (राणीखेत रोग) बहुतेक वेळा बाजारातून आणलेल्या कोंबड्याबरोबरच घरात शिरते.

जोड लावणे

एका कोंबड्यामागे आठ कोंबड्या. असील असेल तर दोन कोंबडे एका खुराड्यात कधीही नाहीत; सकाळी एकच उरतो, तोही कामाचा राहत नाही. नऊ पक्ष्यांना पाच बाय सहा फूट जागा, खाली चार इंच भाताचे तूस, दोन फुटांवर बसायला बांबू आणि चार-पाच कोंबड्यांमागे एक फूट लांब-रुंद-उंच असे एक अंडी घालायचे खोके. बाहेर सोडत असाल तर शेजारचा कोंबडा येणार नाही अशी जाळी हवीच.

कोंबडीच्या शरीरात जुन्या कोंबड्याचे बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहते. म्हणून आधी दुसऱ्या कोंबड्याबरोबर असलेल्या कोंबड्या आणल्या, तर त्याला बाजूला करून तीन आठवडे जाऊ द्यावेत. त्या काळातली अंडी खावीत. त्यानंतर असील सोडावा आणि पाच-सहा दिवसांनी उबवणीची अंडी गोळा करायला घ्यावे.

पिल्ले आपल्याच असीलची आहेत का, हे पाहायला तुरा पुरतो. आरआयआर आणि ऑस्ट्रलॉर्पचा तुरा करवतीसारखा उभा. शुद्ध असीलचा तुरा बुटका, वाटाण्याचे दाणे ओळीने चिकटवल्यासारखा, आणि हाच गुण पिल्लांत वरचढ ठरतो. तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात एखाद्या पिल्लाला करवती तुरा फुटला तर दोन शक्यता: कुंपण ओलांडून दुसरा कोंबडा आला होता, किंवा तुमचा असील शुद्ध नाही. जाळी पक्की असूनही अशी पिल्ले पुन्हा पुन्हा निघाली तर कोंबडा बदलावा.

आई-बापांना लेअरचे, म्हणजे अंड्यांच्या कोंबड्यांचे खाद्य चालते, पण नुसत्या त्यावर अंडी फळली तरी पिल्ले आतच मरतात किंवा बोटे आत वळलेली निघतात. हे ब जीवनसत्त्वातल्या रायबोफ्लेविनच्या कमतरतेचे लक्षण. रोज मूठभर लसूणघास किंवा शेवग्याचा पाला टांगावा, आणि जोड लावण्याआधी आठ दिवस पाण्यातून ब गटाचे औषध द्यावे. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. कोंबड्याकडेही लक्ष असू द्यावे: असील दाणा दिसला की कोंबड्यांना बोलावतो आणि स्वतः उपाशी राहतो. त्याला संध्याकाळी बाजूला घेऊन मूठभर वेगळे घालावे.

अंडी

दिवसातून तीनदा अंडी उचलावीत, उन्हाळ्यात चारदा. ५० ते ६० ग्रॅमची, चांगल्या कवचाची ठेवायची. दोन बलकांची, वाकडी, तडा गेलेली बाजूला. विष्ठा लागली असेल तर कोरड्या खरखरीत कापडाने पुसावी. गार पाण्याने धुऊ नये, कारण अंडे आकसते आणि कवचाच्या छिद्रांतून घाण आत ओढली जाते. टोकदार बाजू खाली ठेवून, माठाखालच्या ओल्या वाळूजवळ किंवा घरातल्या सर्वांत गार कोपऱ्यात ठेवावीत. फ्रीजमध्ये नकोत. सात दिवसांपेक्षा जुने अंडे लावू नये. उन्हाळ्यात चारच दिवस धरावेत.

हिशेब असा: आठ कोंबड्यांची रोज चार अंडी धरली तर आठवड्याला अठ्ठावीस. त्यातली चोवीस फळलेली, त्यांतून एकोणीस-वीस पिल्ले. पन्नास पिल्लांची एक तुकडी हवी असेल तर दोन खुराडी, म्हणजे दोन असील आणि सोळा कोंबड्या लागतात, आणि तरीही अंडी नऊ-दहा दिवसांची होतात. त्यापेक्षा आठवड्याच्या अंतराने दोन घाणे काढणे बरे.

रवणीला (कोंबडीखाली) की मशीनला

वीस-पंचवीस अंडी असतील तर खुडूक गावरान कोंबडीसारखे मशीन नाही. गावरान कोंबडी स्वतःची बारापर्यंत अंडी उबवते. आरआयआरची मोठी अंडी नऊ-दहाच द्यावीत, नाहीतर कडेची गार पडतात. बसवण्याआधी तिच्या पंखांखाली चुलीची चाळलेली राख चोळावी, कारण उवा झाल्या की ती अठराव्या दिवशी अंडी सोडून उठते. पाटीत थोडी माती, वर पेंढा, अंधारी जागा, आणि रात्री बसवायची. दोन-तीन खुडूक एकाच रात्री बसवल्या तर निघालेली पिल्ले एकीखाली करता येतात आणि बाकीच्या लवकर अंड्यावर येतात.

पंखा असलेल्या लहान मशीनमध्ये तापमान ३७.५ ते ३७.७ अंश सेल्सिअस, आर्द्रता पहिले अठरा दिवस ५५ ते ६० टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७०. पंखा नसेल तर थर्मामीटर अंड्याच्या वरच्या पातळीला धरून ३८.५ ठेवावे. दिवसातून विषम वेळा, तीन किंवा पाच, अंडी फिरवावीत, म्हणजे रात्रीची लांब वेळ दरवेळी एकाच कुशीवर जात नाही. अठराव्या दिवसापासून फिरवणे बंद आणि झाकण उघडणेही बंद. वीज तासाभरासाठी गेली तर घाबरून उघडून पाहू नये. मशीन बंदच ठेवून वर घोंगडे टाकावे, फक्त हवेची छिद्रे मोकळी ठेवावीत.

सातव्या आणि चौदाव्या रात्री टॉर्चवर अंडी पाहावीत. सातव्या दिवशी कोळ्यासारख्या लाल शिरा दिसल्या की जीव आहे. काहीच दिसले नाही तर रिकामे, आणि रक्ताचे कडे दिसले तर सुरुवातीलाच मेलेले. ही दोन्ही काढून टाकली नाहीत तर एखादे फुटून सगळा घाणा नासवते.

निकाल वाईट लागला तर दोष कुठे आहे, हे अंडीच सांगतात. अर्ध्याहून जास्त रिकामी म्हणजे दोष कोंबड्याचा, किंवा बाहेरचा पारा चाळिशीला टेकला आहे. रक्ताची कडी फार, म्हणजे अंडी जुनी किंवा साठवणीत तापलेली. विसाव्या दिवसाआधीच पिल्ले निघाली तर तापमान जास्त, बावीस-तेविसाव्याला निघाली तर कमी. चोच मारून आतच मेलेली, पापुद्रा वाळून अंगाला चिकटलेला, म्हणजे शेवटच्या तीन दिवसांत कोणीतरी झाकण उघडत होते. घरात लहान मुले असतील तर शोध घ्यायची गरज नाही.

पहिले चार आठवडे

पुठ्ठ्याचे दीड फूट उंचीचे गोल कडे, तळाला तूस, पहिले तीन दिवस वर कागद. पंचवीस-तीस पिल्लांना साठ वॉटचा पिवळा बल्ब, थंडीत दोन. पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या उंचीला ३५ अंश, पुढे दर आठवड्याला तीन अंशांनी कमी. थर्मामीटर नसला तरी पिल्ले सांगतात: बल्बखाली ढीग केला तर थंडी, कडेला जाऊन चोच उघडली तर उकाडा, एकाच बाजूला गोळा झाली तर दुसऱ्या बाजूने वारा येतो आहे. पहिले पाणी कोमट, लिटरला पन्नास ग्रॅम गूळ घालून. तीन-चार तासांनी साधे पाणी आणि कागदावर मक्याचा भरडा.

लसी चुकवू नयेत. पाचव्या ते सातव्या दिवशी लासोटाचा, म्हणजे मानमोडीच्या लसीचा, एक थेंब डोळ्यात. चौदाव्या दिवशी गंबोरो रोगाची लस. अठ्ठाविसाव्या दिवशी लासोटा पाण्यातून, आणि त्या पाण्यात लिटरला पाच ग्रॅम साय काढलेल्या दुधाची पावडर. सहाव्या आठवड्यात देवीची लस पंखाच्या पापुद्र्यात, आठव्या आठवड्यानंतर मानमोडीची आर-टू-बी टोचून. अडचण ही की लसीची लहानात लहान बाटलीसुद्धा शंभर-दोनशे मात्रांची असते, आणि ती कालवली की दोन तासांत संपवावी लागते. आळीतल्या चार-पाच घरांनी मिळून एकाच दिवशी लस करणे हाच त्यावर उपाय. घरून नेताना बर्फाच्या थर्मासमध्येच न्यावी. खिशातून नेलेली लस दिल्या न दिल्यासारखी.

तिसऱ्या ते सहाव्या आठवड्यात विष्ठेत रक्त दिसले की रक्ती हगवण, म्हणजे कॉक्सिडिओसिस. ओल्या तुसावर ती वाढते, म्हणून पाण्याच्या भांड्याखाली विटा ठेवाव्यात, रोज तूस हलवावे, ओले झालेले त्याच दिवशी बाहेर काढावे. रोग दिसलाच तर पशुवैद्यकाला विचारून त्याच दिवशी औषध सुरू करावे. दोन दिवस वाट पाहिली तर निम्मी पिल्ले हातची जातात.

खाद्य

सहा आठवड्यांपर्यंत दहा किलोंना: मका साडेपाच किलो, सोयाबीन पेंड दोन किलो आठशे ग्रॅम, भाताचा कोंडा एक किलो, मासळीचा कुटा चारशे ग्रॅम, खनिज मिश्रण दोनशे ग्रॅम, शिंपल्यांचा चुरा सत्तर ग्रॅम, मीठ तीस ग्रॅम. यातून सुमारे वीस टक्के प्रथिने मिळतात. पुढे मका सहा किलो, पेंड एक किलो आठशे, कोंडा एक किलो सहाशे, कुटा तीनशे ग्रॅम, बाकी तेच; प्रथिने सतरा टक्क्यांच्या आसपास. जीवनसत्त्वांची पावडर पाकिटावर लिहिलेल्या मापाने मिसळावी. कोकणात सुकटीचा कुटा वापरतात, त्यात आधीच मीठ असते. तेव्हा वरचे मीठ पूर्ण बंद, नाहीतर पिल्ले पाणी पीत सुटतात आणि तूस चिखल होते. शेंगदाण्याची पेंड स्वस्त पडते, पण पावसाळ्यात तिच्यावर बुरशी येते आणि ते विष यकृतावर बसते. जून ते सप्टेंबर ती टाळावी.

सोळा आठवड्यांत एका पक्ष्याला साडेपाच-सहा किलो खाद्य लागते. परसात सोडले तर किडे, पाला, खरकटे यांनी थोडे वाचते. ब्रॉयलरच्या वेगाची अपेक्षा ठेवू नये: बाराव्या आठवड्यात किलोच्या आसपास, सोळा-अठरा आठवड्यांत नर दीड-पावणेदोन किलो, मादी त्याहून तीन-चारशे ग्रॅम कमी. अठरानंतर पक्षी खातो तेवढे वजन धरत नाही.

दहाव्या आठवड्यात नर-मादी वेगळे करावेत. असीलचे रक्त असलेले नर तेव्हापासून एकमेकांचे तुरे फोडू लागतात. बुटक्या तुऱ्यामुळे नर लवकर ओळखू येत नाहीत, तेव्हा मानेवरची टोकदार चकचकीत पिसे आणि पायांची जाडी पाहावी. जागा माणशी, म्हणजे कोंबडीशी, दोन चौरस फूट द्यावी आणि आडोशाला दोन-चार फळ्या उभ्या कराव्यात, म्हणजे हरलेल्याला लपायला जागा राहते.

पुढच्या वर्षासाठी

या संकराची तलंग, म्हणजे वयात येणारी कोंबडी, दिसायला इतकी देखणी होते की ती ठेवून घ्यावीशी वाटते. ठेवू नये. पहिल्या पिढीचा जोम दोन वेगळी रक्ते भेटल्यामुळे असतो. याच पिल्लांची आपसांत जोड लावली की जोम निम्म्यावर येतो आणि पिल्ले विस्कळीत निघतात. त्याच असीलखाली त्याच्याच मुली ठेवल्या तर आणखी वाईट, फळ घटते आणि मर वाढते. संकराची सगळी पिल्ले, नर-मादी दोन्ही, खायची किंवा विकायची. आई दर दोन वर्षांनी एक दिवसाची आरआयआर पिल्ले आणून वाढवायची, आणि असील दुसऱ्या गावाहून बदलायचा. घरच्या दोन खुराड्यांत दोन शुद्ध जाती जपणे जमत नाही, आणि त्याची गरजही नाही.

कधी लावायचे, हे पंचांग पाहून ठरवावे. आखाडातल्या मागणीसाठी पिल्ले फेब्रुवारीच्या अखेरीपासून मार्चच्या पहिल्या आठवड्यापर्यंत निघायला हवीत. थर्टी फर्स्टसाठी ऑगस्टच्या शेवटी. श्रावणात आणि नवरात्रात माल तयार झाला तर गिऱ्हाईक नसते आणि खाद्य मात्र चालूच राहते.

कापण्याआधी आठ-दहा तास दाणा बंद, पाणी चालू. साठ अंश तापलेल्या पाण्यात मिनिटभर बुडवले की पिसे सुटतात. उकळत्या पाण्यात बुडवले तर कातडी फाटते. दीड किलोचा पक्षी साफ होऊन किलो-सव्वा किलोच्या आत भरतो. लगेच चुलीवर चढवू नये: सहा-आठ तास बर्फात किंवा फ्रीजमध्ये राहू द्यावा, नाहीतर असीलचे मांस शिजायला कुकरच्या दुप्पट शिट्ट्या घेते.